तिसरा ठिपका लांबचा घ्यावा

पट्टी सरळ आहे की नाही, हे पट्टीकडे बघून कळत नाही. तिनं एक रेघ ओढायची, मग ती पालथी घालून तीच कड त्याच दोन टोकांना लावायची आणि दुसरी रेघ ओढायची. दोन्ही रेघा एकावर एक बसल्या तर पट्टी खरी. मध्ये तांदळाच्या दाण्याएवढी जरी फट राहिली तर पट्टी वाकडी.

सातवीच्या पहिल्या तासाला देवणीकर मॅडमनी आमच्या एकवीस जणांच्या एकवीस पट्ट्या अशा तपासल्या. तास संपला, अर्धी मधली सुट्टी गेली, तरी त्या हटल्या नाहीत. प्रत्येक कागद उजेडाकडं धरायच्या, एक डोळा मिटायच्या. सात पट्ट्या नापास झाल्या. कंपासपेटी उन्हात राहिली की प्लॅस्टिक वाकतं, आणि अहमदपूरकडं उन्हाला काय तोटा. माझी पट्टी त्या सातांत होती. मला रडू फुटलं.

"तू कशाला रडतेस? तू वाकवलीस का?" त्या म्हणाल्या. "ही खोटं बोलते, एवढं आता तुला ठाऊक झालं. ठाऊक नसतं तेव्हा रडायचं."

मी दहावी पुरी केलेली नाही. गणिताच्या बाईंवर लिहिताना म्हणून हात कचरतो. काही चुकलं तर ते माझं आहे, त्यांचं नाही, हे आधीच सांगून ठेवते.

मॅडम लातूरच्या. वडील कुठल्याशा कार्यालयातून लिपिक म्हणून रिटायर झालेले, आई नाही. सकाळच्या पहिल्या एसटीनं अहमदपूरला यायच्या आणि तिथून जीपनं चौदा किलोमीटर आमच्या गावाला. पदर खांद्याला पिनेनं असा घट्ट की वाऱ्याचं काही चालत नसे. खडू चष्म्याच्या जुन्या डबीत ठेवायच्या. डबी मिटताना 'टप्' व्हायचं, आणि त्या आवाजाला वर्ग गप्प बसायचा. शाबास हा शब्द त्यांच्याकडं नव्हता. उत्तर बरोबर आलं तर म्हणायच्या, "पुढं." चुकलं तर, "मागं." म्हणजे एक पायरी मागं जा आणि तिथून परत ये. तीन वर्षांत त्यांच्या तोंडून या दोन शब्दांनी आमचा जेवढा निकाल लागला तेवढा परीक्षेनं लागला नाही.

त्या शिक्षणसेवक होत्या. तीन वर्षं तुटपुंज्या मानधनावर काढायची आणि शेवटी संस्थेच्या सचिवांची सही झाली तर नोकरी कायम. सही नाही झाली तर घरी. ही गोष्ट आम्हा पोरांनासुद्धा माहीत होती, कारण हेडसर ती दर आठवड्याला मॅडमना ऐकवायचे आणि आमच्या शाळेच्या भिंती पातळ होत्या.

एकदा हेडसरांनीच विचारलं होतं, "मॅडम, लातुरात एवढे क्लासेस हायत. तिथं कामून शिकवत न्हाई तुम्ही? इथं धुळीत कशाला?"

"तिथं रेघ आधी काढतात सर, आणि ठिपके नंतर," त्या म्हणाल्या.

हेडसरांना ते कळलं नाही. आम्हाला कळलं, कारण आम्हीही तेच करत होतो.

झालं होतं असं. घटक चाचणीत आलेख आला होता. वाय बरोबर दोन एक्स अधिक एक. एक्सला एकेक किंमत द्यायची, वाय काढायचा, ठिपका मांडायचा. असे ठिपके झाले की त्यांतून सरळ रेघ. गावात गाइडची एकच प्रत होती, ती एकवीस घरं हिंडून आलेली, आणि हेच उदाहरण बहुतेकांनी तिच्यातून पाठ केलेलं. त्या गाइडात छपाईची चूक होती. एक्स दोन असेल तर वाय पाच येतो. तिथं सात छापलं होतं. आता सातवर ठिपका दिला तर तो रेघेवर बसत नाही. मग आमच्या वर्गानं काय करावं? वर्गानं दोन ठिपक्यांतून रेघ ओढली, तिसरा ठिपका त्या रेघेवर गुमान पाचवर बसवला, आणि त्याच्या शेजारी लिहिलं: दोन, सात. सतरा पेपरांत तसंच.

मॅडमनी पेपर वाटले आणि पहिल्या बाकावरच्या बालाजीला उभं केलं. बालाजी हजेरीत पहिला आणि तोंडाळपणातही पहिला.

"बालाजी, हा ठिपका राहतो कुठं?"

"रेघेवर, म्याडम."

"पाचावर का सातावर?"

त्यानं वाकून पाहिलं. "पाचावर."

"आणि पत्ता काय दिलाय?"

"सात."

"म्हणजे माणूस राहतो अहमदपुरात आणि पत्ता मुरुडचा. पोस्टमननं काय करायचं?"

"मुरुडात नातेवाईक असत्याल की, म्याडम," बालाजी म्हणाला. वर्ग फुटला. मॅडम तेव्हा हसल्या. मी त्यांना हसताना बघितलं ते दोनदाच, त्यातलं हे एक.

मग गंभीर होऊन म्हणाल्या, "दोन ठिपक्यांतून रेघ कुणीही ओढतं. दोन ठिपके कधी भांडत नाहीत. तिसरा हा गवाह आहे. गवाहाला आधीच गप्प केलंत तर मग न्यायनिवाडा कसला?"

त्या दिवसापासून नियम झाला. एकानं घेतलेला तिसरा ठिपका दुसऱ्यानं घ्यायचा नाही. हजेरी नंबरातून अकरा वजा करायचे, जो आकडा येईल तो तुझा तिसऱ्या ठिपक्याचा एक्स. बालाजीचा नंबर एक, म्हणून त्याचा एक्स उणे दहा. माझा नंबर एकवीस, सगळ्यांत शेवटचा. माझा एक्स दहा. हजेरीत आधी मुलं आणि मग मुली, त्यामुळं उणे आकडे मुलांच्या वाट्याला आले आणि अधिक आमच्या. बालाजी बरेच दिवस त्यावर नाराज होता.

मी स्वभावानं भित्री. अजूनही आहे. कुलूप लावलं की तीनदा ओढून बघते. आलेख काढतानाही मी तीनावर थांबायची नाही, चार, पाच, कधी सहा ठिपके काढायची, आणि तोवर बाकीच्यांचं गणित संपलेलं असायचं. पोरी चिडवायच्या, "शीतलचा आलेख न्हाई, रांगोळी हाय." एकदा मॅडमनी ते ऐकलं. वहीवर बोट ठेवून म्हणाल्या, "भिणारा माणूस पुन्हा मोजतो. शहाणा थांबतो. मला वर्गात भिणारे चालतील." मला आयुष्यात कुणी भित्रेपणाबद्दल मान दिला असेल तर तो तेवढाच, आणि मी तो जपून ठेवलाय.

आता पटांगणाचं सांगते, कारण सगळं तिथंच ठरलं.

मॅडमची तीन वर्षं संपत आली होती. सचिव शाळा तपासायला येणार होते. त्यांना सगळे अण्णा म्हणत. हेडसरांनी भिंती रंगवून घेतल्या, आम्हाला स्वागतगीत दिलं, आणि प्रत्येक शिक्षकाला सांगितलं की अण्णांना काहीतरी दाखवा. मॅडमनी कबड्डीचा चुना मागून घेतला. झेंड्याच्या कट्ट्यापुढं एक जागा धरून तिथून आडवी एक रेघ आणि उभी एक रेघ, दोन्ही अक्ष, हातभर अंतरावर खुणा. आम्ही पोरांनीच ठिपके व्हायचं. अण्णा आले की मॅडम नियम सांगणार, आम्ही आपापला एक्स घालून वाय काढणार आणि आपापल्या जागी जाऊन उभं राहणार. एकवीस पोरं, एक तिरपी सरळ रेघ. आधी सराव नाही. नियम त्यांनी आम्हालाही सांगितला नव्हता. हेडसर म्हणाले, "मॅडम, निदान एकदा करून तरी घ्या." मॅडम म्हणाल्या, "मग ते दाखवणं झालं सर, गणित नाही."

अण्णा आले. हार झाला, नारळ झाला, ते खुर्चीवर बसले. डबी 'टप्' वाजली.

"वाय बरोबर एक्स अधिक तीन. मोजा आणि उभे राहा."

बालाजी पहिला धावला. उणे दहा अधिक तीन. हे उणे सात होतात. पण उणे दिसलं की आकडा वाढवायचा आणि पुढं उणे लावायचं, अशी आमच्याकडची रीत. बालाजीनं उणे तेरा केले आणि उणे तेरावर जाऊन ताठ उभा राहिला. त्याच्यामागं नंबर दोन, तीन, चार, सगळ्यांनी तीच चूक केली. आता गंमत अशी की सगळ्यांनी एकच चूक केली की चुकीचीसुद्धा सरळ रेघ येते. दहा पोरं, दोरीनं आखल्यासारखी. अकरावा विठ्ठल, त्याचा एक्स शून्य. तो बिचारा बरोबर तीनावर गेला होता. मागं बघितलं तर ओळ भलतीकडं. बालाजी ओरडला, "विठ्या, ओळीत ये की." विठ्ठल आला. मग मुली. सगळ्यांनी आपापला आकडा बरोबर काढला होता. बारकी सुनीता तर चारवर पोचलीसुद्धा होती. पण बालवाडीपासून रोज प्रार्थनेला आम्हाला एकच शिकवलेलं: पुढच्याच्या मानेकडं बघ, हातभर अंतर घे, ओळ मोडू नको. एकेक करून त्या सरकल्या आणि मुलांच्या ओळीला लागल्या.

मी दहावर होते. दहा अधिक तीन, तेरा. आडव्या रेघेवर दहा खुणा मोजल्या, वर तेरा मोजल्या, उभी राहिले. बघते तर माझ्याजवळ कुणीच नाही. वीस जणांची ओळ माझ्यापासून सहा हात खाली, आणि मी एकटी, शेतात बुजगावणं असतं तशी.

"शीतल, इकडं, इकडं ये ना," मुली कुजबुजल्या. बालाजी हातवारे करत होता.

अण्णा खूश झाले होते. "वा. काय ओळ आहे," ते हेडसरांना म्हणाले. मग मला म्हणाले, "ए पोरी, ओळीत ये."

माझा एक पाय उचललेला होता. खोटं कशाला सांगू, मी निघालेच होते.

"हलू नकोस," मॅडमचा आवाज आला. "हिसाब केलास?"

मी मान हलवली.

"किती वेळा?"

"तीनदा."

"मग थांब."

हेडसर लगबगीनं मॅडमजवळ गेले. मी जवळच होते, सगळं ऐकू आलं. "मॅडम, काय करून राहिल्या तुम्ही? एक पोरगी सहा पावलं सरकली तर काय बिघडतं? त्यास्नी ओळ आवडली हाय. सही व्हायची हाय तुमची, आजच."

मॅडम अण्णांकडं वळल्या. "साहेब, ती हलणार नाही. ती बरोबर उभी आहे. बाकीचे वीस चुकलेत."

तेव्हा मला एवढंच कळलं की माझ्यामुळं काहीतरी भयंकर झालं. आज कळतं ते वेगळं आहे. मॅडमनी स्वतःच्या तोंडानं, सही करणाऱ्या माणसासमोर, आपले एकवीसातले वीस विद्यार्थी चुकल्याचं सांगितलं होतं. तेही इतक्या सोप्या गणितात. आणि त्यांना गप्प राहता आलं असतं.

"वीस चुकले आणि ही एक बरोबर?" अण्णा म्हणाले. "तीन वर्षांत हेच शिकवलंत?"

"शिकवलं ते कमी पडलं, साहेब. आता शिकवते." आणि त्यांच्याकडं पाठ करून त्या बालाजीपाशी गेल्या. "बालाजी, विहिरीत दहा पायऱ्या उतरलास. तीन वर आलास. कुठं आहेस?"

बालाजीनं डोळे मिटले. ओठ हलले. "सातव्या पायरीवर."

"मग तेराव्यावर कोण उभं आहे?"

तो खाली बघत सहा खुणा वर आला. त्याच्यामागं दुसरा, तिसरा. प्रत्येकापाशी जाऊन मॅडम त्याचा त्याला हिसाब करायला लावत होत्या. "सगळे सहा वर या" असं त्या म्हणाल्या नाहीत. ओळ मोडली, नुसता बाजार झाला. अण्णा उठले आणि ऑफिसात चहाला गेले. हेडसर मागोमाग. बराच वेळ गेला. शेवटी एकवीस जण एका तिरप्या रेघेत उभे होते, मी माझ्या मूळ जागेवर, आणि समोरच्या खुर्च्या रिकाम्या. मॅडम ओसरीच्या पायरीवर चढल्या, एक डोळा मिटून आमच्याकडं बघितलं.

"पुढं," त्या म्हणाल्या.

नंतर वर्गात त्यांनी फळ्यावर दोन्ही रेघा काढल्या, चुकीची आणि बरोबर, शेजारी शेजारी. बालाजीला विचारलं, "तुझा गवाह कुठून आणला होतास?" तो म्हणाला, "शेजारचाच." मॅडम म्हणाल्या, "शेजारचा गवाह शेजाऱ्याचंच बोलतो. तिसरा ठिपका लांबचा घ्यावा. शून्याच्या पलीकडचा."

अण्णांनी जाताना शेरा लिहिला: वर्गात शिस्त नाही. सही झाली नाही. हेडसर माणूस वाईट नव्हते. त्यांनी मॅडमना सांगितलं, दिलगिरीचं चार ओळींचं पत्र द्या, मी स्वतः घेऊन जातो, सगळं निस्तरतो. मॅडमनी पत्र दिलं. ते आलेखाच्या कागदावर होतं. लाल पेन्सिलीनं एक रेघ, निळ्यानं दुसरी. खाली लिहिलं होतं: लाल चुकीची, निळी बरोबर. विद्यार्थिनी निळ्या रेघेवर उभी होती. दिलगिरी कशाबद्दल व्यक्त करायची ते कळवावे.

हेडसरांनी तो कागद आठवडाभर खिशात ठेवला आणि मग पाठवला. हे शिपाईमामांनी आम्हाला सांगितलं.

उत्तर आलं ते असं: आणखी एक वर्ष मुदतवाढ, आणि बदली संस्थेच्या किनवटकडच्या निवासी शाळेत. लातुरात एकटे वडील आणि लेक जंगलात. गावात सगळे हळहळले. मॅडमनी खडूची डबी पिशवीत टाकली, आमच्या वह्या तपासून परत दिल्या, माझ्या वहीत शेवटच्या आलेखाखाली तारीख घातली आणि जीपमध्ये बसल्या. बालाजी जीपमागं कोपऱ्यापर्यंत पळाला.

पुढच्या वर्षी माझ्या वडिलांना, आबांना, तमिळनाडूत तिरुपूरला कामाचा जम बसला आणि आम्ही सगळे तिकडं गेलो. माझी दहावी मध्येच राहिली. परत बसेन, परत बसेन म्हणता होजिअरीच्या कारखान्यात लागले. मापं तपासायचं काम. टेप घेऊन बनियन, टीशर्ट मोजायचे, माप बरोबर असेल तर गठ्ठ्यावर सही करायची. भाषा येत नव्हती. पहिली दोन वर्षं मी कुणाशी बोलले असेन तर आकड्यांत.

एकदा नव्या मालाचा मापाचा तक्ता आला. छातीची मापं: अठ्ठेचाळीस, एक्कावन्न, चोपन्न, अठ्ठावन्न, साठ. सगळे त्याप्रमाणं कापायला लागले. मला चौथा आकडा टोचला. खोक्याच्या पुठ्ठ्यावर पाच ठिपके मांडले. चार रेघेवर बसले, एक वर. मी सुपरवायझरला दाखवलं. तो मोडक्या हिंदीत म्हणाला, कागद गिऱ्हाइकाचा आहे, तू कोण? पण मी गठ्ठ्यावर सही केली नाही. तीनदा मोजलं होतं. दुपारी फोन झाला, सत्तावन्नच्या जागी अठ्ठावन्न पडलं होतं. कुणी काही म्हणालं नाही. माझा चहा तेवढा निवून गेला.

त्यानंतर मला मॅडमची आठवण बसू देईना. पण जायचं तर तोंड कसं दाखवायचं? दहावी झाली का म्हणून विचारलं तर?

मावसबहीण किनवटकडं दिलेली. तिच्या लेकाच्या बारशाला गावाकडं आले, नांदेडहून रेल्वेनं किनवट, आणि बारसं झाल्यावर जीपनं ती शाळा शोधत गेले. सागाची झाडं, मध्ये पत्र्याची लांबलचक शाळा, तारेवर पोरींचे वाळत घातलेले फ्रॉक. मॅडम ओसरीत वह्या तपासत होत्या. कानशिलाजवळ केस पांढरे झालेले. पदराला पिन तशीच.

"मॅडम, मी शीतल. नंबर एकवीस."

त्यांनी चष्मा वर केला. "दहा, तेरा," त्या म्हणाल्या.

मला वाटलं होतं आधी इकडचं तिकडचं बोलू. पण तोंडातून तेच आलं. "मॅडम, माझी दहावी झाली न्हाई. सोडली मी शाळा."

मी 'मागं' ऐकायची तयारी करून उभी होते.

"काय करतेस?"

मी तक्त्याचं सांगितलं. त्यांनी मध्येच थांबवून कागद पुढं केला. "काढून दाखव." मी पाच ठिपके काढले. त्यांनी एक डोळा मिटून पाहिलं. "तो काय म्हणाला, तू कोण?"

"हाव."

"आणि तू?"

"हलले न्हाई."

तेव्हा त्या दुसऱ्यांदा हसल्या. कागद घडी करून डबीत खडूंच्या खाली ठेवला. डबी 'टप्' मिटली.

"पुढं," म्हणाल्या.

मग मी धीर करून विचारलं, सही झाली का. "झाली की. दुसऱ्या वर्षी," त्या म्हणाल्या. "कायम झाले. लातूरलाही परत नेणार होते, वडील असेपर्यंत. तो शेराही खोडणार होते. फक्त ती चार ओळींची दिलगिरी लिहून द्या म्हणाले." त्यांनी अंगणाकडं बघितलं. "वडिलांना विचारलं. ते म्हणाले, मी इकडं राहायला येतो. आले. शेवटची चार वर्षं इथंच होते, त्या खोलीत. शेरा आहे फायलीत. राहू दे. लाल रेघ आहे ती, शेजारी निळीही लावलीय."

घंटा झाली. त्या उठल्या. मला थांब म्हणाल्या नाहीत, जा म्हणाल्या नाहीत. जीपवाला हॉर्न देत होता.

फाटकातून वळून बघितलं. नवीन वर्ष नुकतंच सुरू झालेलं असणार, कारण वर्गाच्या दारात पोरींची रांग होती आणि प्रत्येकीच्या हातात पट्टी. पुढच्या पोरीची पट्टी मॅडमनी घेतली, रेघ ओढली, पालथी घातली, परत ओढली. कागद उजेडाकडं धरला. ती पोरगी खांदे आखडून उभी होती, रडायच्या बेतात, मला लांबूनही ओळखू आलं.

मॅडमनी घाई केली नाही. जीप सुरू झाली, सागाची झाडं मध्ये येऊ लागली, तरी तो कागद अजून वरच धरलेला होता.